लेफ्ट बॅक कुणाला पाहिजे?

क्रिकेटवरून भांडणारी माणसं गल्लोगल्ली मिळतात, पण हॉकीवरून जीव तोडून भांडणारी बघायची असतील तर रविवारी दुपारी खडकीत माझ्या सासुरवाडीला या. जेवायलाच या, कारण मटण पोटात गेल्याशिवाय भांडण सुरू होत नाही आणि एकदा सुरू झालं की चहा येईपर्यंत कुणाला उठू देत नाहीत, जावयाला तर नाहीच नाही. विषय कायम एकच, भारताची आजवरची बेस्ट टीम. अकरा नावं लिहायला असा किती वेळ लागतो हो? माझं लग्न झाल्यापासून चालूय, आता मुलगी शाळेत जायला लागली, टीम काही होत नाही.

माझ्याकडे कागद आहे. पहिल्या दिवाळसणालाच सासऱ्यांनी "जावईबापू, तुमचं अक्षर चांगलंय" म्हणत पेन हातात दिलं आणि मी खूश झालो, तिथंच फसलो.

पहिलं नाव ध्यानचंद. इथपर्यंत शांतता असते. पण ध्यानचंद घेतले की आप्पा, म्हणजे सासऱ्यांचे मोठे भाऊ, लगेच म्हणतात त्यांच्या धाकट्या भावाला, रूपसिंगला कसं सोडणार, 1932ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकला अमेरिकेला 24-1 हाणलं त्यात भावाचे दहा आणि ध्यानचंदचे आठ, आणि हे अशा थाटात सांगतात की स्कोअरबोर्ड हेच हलवत होते. आप्पांचा जन्म त्यानंतर वीसेक वर्षांनी झाला. मग 1952च्या ऑलिंपिक फायनलला हॉलंडवर सहापैकी पाच गोल एकट्यानं मारणारा बलबीरसिंग सीनियर. तो पण सेंटर फॉरवर्ड, ध्यानचंद पण सेंटर फॉरवर्ड, आता एका जागी दोघं उभे कसे करायचे? "घ्या हो, बघू नंतर," सासरे म्हणतात. पुढं 1980चं मॉस्को ऑलिंपिक गाजवलेला मोहम्मद शाहिद, त्याचं ड्रिबलिंग सांगताना आप्पा खुर्चीतल्या खुर्चीत असे डावे-उजवे होतात की मी माझा पाण्याचा ग्लास आधीच उचलून ठेवतो.

आणि मग धनराज. खडकीत बसून धनराज पिल्ले यादीत किती नंबरला हा प्रश्नच विचारायचा नसतो. इथल्याच ग्राउंड्समनचा पोरगा, तुटक्या स्टिकला सुतळी गुंडाळून खेळायला शिकला, आणि ती सुतळी आमच्याच घरातून गेली होती असं सांगणारी निदान अर्धा डझन माणसं मला या बाजारात भेटलीत. एकदा मेहुण्यानं मोबाईल बघत बघत म्हटलं, "चार ऑलिंपिक खेळला, मेडल कुठंय?" सासऱ्यांनी काही न बोलता त्याच्यापुढची कांदाभज्यांची प्लेट उचलली आणि माझ्यापुढं ठेवली. मग अर्धा तास 2000चं सिडनी ऑलिंपिक. पोलंडनं शेवटच्या मिनिटांत बरोबरी केली आणि सेमीफायनल हुकली त्याला एकटा धनराज काय करणार, 1998ला बँकॉकला कॅप्टन म्हणून एशियाडचं गोल्ड आणलं आणि आल्या आल्या लोकांनी त्यालाच टीमबाहेर काढलं, हे सांगताना सासऱ्यांचा आवाज अजून चढतो. बरोबरच आहे म्हणा. मी भजी खात मान डोलावतो.

गोलकीपरवर तर नुसता राडा. शेजारचे अंकल मूळचे गोव्याचे, त्यांना रिचर्ड अ‍ॅलन पाहिजे, कारण 1928ला अॅम्स्टरडॅमला त्यानं अख्ख्या ऑलिंपिकमध्ये एक गोल खाल्ला नाही. आणि 1932ला अमेरिकेनं मारलेला तो एक? "अरे तो तर गोलच्या मागे ऑटोग्राफ देत होता म्हणतात!" आता हा अंकलच्या मते त्याच्या बाजूचा मुद्दा आहे. आप्पांना महूचा शंकर लक्ष्मण पाहिजे, हेल्मेट नाही काही नाही, पायाला पॅड बांधून पाकिस्तानपुढं उभा राहिला आणि 1964ला टोकियो ऑलिंपिकला 1-0नं गोल्ड आलं. मेहुणा श्रीजेश सोडून दुसरं नाव ऐकून घेत नाही, 2021ला ब्राँझच्या मॅचमध्ये श्रीजेशनं अडवलेला जर्मनीचा शेवटच्या सेकंदातला तो पेनल्टी कॉर्नर मेहुण्यानं घरात सगळ्यांना इतक्यांदा दाखवलाय की सासूबाईंना पण पाठ झालाय. यात टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं ग्राउंड, निघतं. 1976ला माँट्रियलला ऑलिंपिकमध्ये टर्फ आलं, आपण सातवे आलो, मग आपली टीम गवतावर खेळवायची का टर्फवर? मॅच कुणाविरुद्ध आहे हे अजून ठरलेलं नाही, पण ग्राउंडवरून अंकल एकदा चप्पल घालून निघाले होते.

तोवर माझ्या कागदावर सात फॉरवर्ड, तीन गोलकीपर, मधे अंकलनी हट्टानं घातलेला लेस्ली क्लॉडियस आणि 1975च्या वर्ल्ड कपचा कॅप्टन अजितपाल सिंग. मागं कोणी नाही. मी हळूच विचारतो, लेफ्ट बॅक कोण? राइट बॅक पण चालेल. पृथीपाल, परगट, दिलीप तिर्की तर चारशेच्या वर मॅच खेळला, नावं सगळ्यांना माहितीयत, "हो हो, भारी प्लेयर" म्हणतात आणि भाजीतला कढीपत्ता काढावा तसं बाजूला ठेवून परत फॉरवर्डवर येतात. गोल वाचवणाऱ्या बॅकसाठी भांडायला कोणी येत नाही, मला तर वाटतं आपल्या हॉकीचं निम्मं दुखणं इथंच आहे. मी पेन्सिलनं तिर्की लिहितो. आप्पा अशोककुमारसाठी खोडायला लावतात, 1975च्या वर्ल्ड कप फायनलचा क्वालालंपूरचा विनिंग गोल त्याचा होता ना.

मागच्या रविवारी चहाचा ट्रे ठेवताना सासूबाईंनी कागदात डोकावून बघितलं. "1982च्या एशियाडला पुरुषांनी दिल्लीत पाकिस्तानकडून सात गोल खाल्ले," त्या म्हणाल्या, "आणि तिथंच बायकांनी गोल्ड मारलं. कॅप्टन कोण होती? आपल्या पुण्याची एलिझा नेल्सन. तुमच्या कागदावर एक तरी बाई आहे का?"

सासऱ्यांनी कपात बिस्किट बुडवलं, ते आत पडलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "जावईबापू, नवा कागद घ्या."

"सेंटर फॉरवर्ड राणी रामपाल," मेहुणा ओरडला.

"आधी बॅक लिहा," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही.