पाच मिनिटांत टाकी भरते, पण नोझल सुटायला हवं ना!

हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांवरच्या एका लेखात 'हायड्रोजनची टाकी पाच मिनिटांत भरा आणि निघा' असं वाचलं, म्हणून हा अनुभव. 2024 च्या उन्हाळ्यात आम्ही चौघं मित्र इथे कॅलिफोर्नियात टोयोटा मिराई ही हायड्रोजन गाडी चालवून बघायला गेलो होतो. गाडी झकास. आवाज जवळजवळ नाहीच, पाय दाबला की सुळकन पुढे. शेवटी आत विजेचीच मोटर; हायड्रोजन जळत नाही, फ्यूएल सेलमध्ये हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून वीज बनते आणि उरतं पाणी. ते सोडायला चक्क 'एच टू ओ' लिहिलेलं बटण आहे. ते दाबल्यावर आमच्यातल्या एकाने मागे जाऊन ओंजळ धरली. प्यायची हिंमत मात्र झाली नाही!

खरी गंमत पंपावर. गॅस उणे 40 अंशांच्या आसपास थंड करून 700 बार (म्हणजे हवेच्या सुमारे 700 पट) दाबाने भरतात. भरणं झालं पटकन, पण नोझलवर पांढरंफेक बर्फ साचून ते गाडीलाच चिकटलं. दहा मिनिटं आम्ही तळहातांनी चोळत उभे, मागे दोन गाड्या खोळंबलेल्या.

आणि दर? तेव्हा किलोला 36 डॉलरच्या घरात. टाकी 5.6 किलोची, म्हणजे एका वेळेला 200 डॉलर! त्यात शेल कंपनीने त्याच वर्षी फेब्रुवारीत इथले कारसाठीचे हायड्रोजन पंप बंद केलेले.

गडकरी 2022 मध्ये याच गाडीतून संसदेत आले, तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या. ओंजळ धरणाऱ्या मित्राने शेवटी साधी हायब्रिड घेतली.