मुलांना प्रकारांत वाटू नका
‘प्रत्येक मूल दृश्य, श्राव्य किंवा कृतिशील (म्हणजे बघून, ऐकून किंवा करून शिकणारं) यांपैकी एका प्रकारचं असतं, ते ओळखून तसं शिकवा’ हा मुलांच्या शिकण्यावरच्या एका लेखात वाचलेला सल्ला खटकला. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा अशा जुळवणीने शिकणं सुधारतं याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. आवडी वेगळ्या असतात, हे खरं. पण भूमितीची आकृती सगळ्यांनाच बघावी लागते आणि कवितेची लय सगळ्यांनाच ऐकावी लागते.

मी नंदुरबार जिल्ह्यात पाचवी-सहावीला गणित शिकवते. वर्गात डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असलेली मुलं आहेत, घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारीही आहेत. शाब्दिक उदाहरण वाचण्यातच त्यांची कार्यकारी स्मृती (माहिती थोडा वेळ मनात धरून वापरण्याची क्षमता) खर्च होते, गणितासाठी जागा उरत नाही. म्हणून मी उदाहरण मोठ्याने वाचते, फळ्यावर चित्र काढते, मग सोडवायला देते, आणि हे सगळ्या वर्गासाठी. दुसऱ्या दिवशी वही मिटून कालचं आठवायला लावते. लिहून दाखवा किंवा बोलून सांगा, दोन्ही चालतं. ‘श्राव्य’ असा शिक्का बसला की त्या मुलाला वाचायला शिकवण्याचे प्रयत्नच थांबतात, याची मला फार काळजी वाटते.