त्या मेसेजातला अनोळखी माणूस मीच

ऑक्टोबर लागला की आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, फराळाच्या ऑर्डरी. दुसरा, तो मेसेज. यंदाही आला, मागच्या वर्षीच्याच शब्दांत:

"सावधान! हॅलोविनच्या रात्री अनोळखी लोक कँडीत विष आणि ड्रग्ज घालून मुलांना देतात. दरवर्षी मुलं दगावतात. टेक्सासमध्ये आठ वर्षांच्या मुलाचा जीव गेला. सफरचंदात ब्लेड सापडतात, एक्स-रे काढल्याशिवाय काही खाऊ देऊ नका. आता तर कँडीसारखं दिसणारं रंगीत फेंटानिल आलंय. शिवाय साखरेनं मुलं रात्रभर धिंगाणा घालतात. मुलांना बाहेर पाठवूच नका. मुलांची काळजी असेल तर पुढे पाठवा."

शेवटचं वाक्य अस्सल आहे. पुढे पाठवलं नाही तर आपल्याला मुलांची काळजी नाही! झालं, पाच मिनिटांत अकरा जणांनी हात जोडले आणि मेसेज चार ग्रुपवर गेला.

मी अमेरिकेत, न्यू जर्सीत राहते. ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनला, इथली मुलं वेष घालून दारोदार कँडी मागत फिरतात. गेली चौदा वर्षं त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचपासून दारात खुर्ची टाकून, मांडीवर कँडीचा बाऊल घेऊन बसते. शंभरेक पोरं येऊन जातात. त्यातली दहाबारा ओळखीची, बाकीच्यांच्या आईबापांसाठी मेसेजातली 'अनोळखी' बाई मीच. तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

"दरवर्षी मुलं दगावतात."

डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी हा विषय आयुष्यभर लावून धरला. १९८५ साली त्यांनी जेराल्ड होरिउची यांच्यासह पहिला निबंध छापला, १९५८पासूनची वर्तमानपत्रं चाळून. पुढेही ते दरवर्षी नव्या बातम्या तपासत राहिले. अनोळखी माणसानं घरोघर फिरणाऱ्या मुलांना वाटलेल्या खाऊनं एखादं मूल मेलं किंवा गंभीर जखमी झालं, असं सिद्ध झालेलं एकही प्रकरण त्यांना मिळालं नाही. एकही नाही.

मग बातम्या कुठून येतात? १९९० साली कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला सात वर्षांची एक मुलगी कँडी गोळा करता करता कोसळली आणि गेली. विषाची शंका आली, धावपळ झाली. नंतर कळलं की तिला जन्मापासून हृदयविकार होता. संशयाची बातमी मोठ्या टाइपात छापून येते, खुलासा कोपऱ्यात. लोकांच्या लक्षात पहिली राहते.

वाह्यात माणसं नसतातच, असं मी म्हणत नाही. १९५९ साली फ्रीमाँटमधल्या एका दंतवैद्यानं मुलांना जुलाबाच्या गोळ्या वाटल्या होत्या. (दातांचा डॉक्टर! कँडीवर राग असेल तर मुलांच्या पोटावर का काढायचा?) १९६४ साली लाँग आयलंडवर एका बाईनं, "एवढे घोडे झालात आणि खाऊ मागता?" अशा रागानं मोठ्या पोरांच्या हातावर मुंग्या मारायचं औषध आणि कुत्र्याची बिस्किटं ठेवली. तिच्या मते ती थट्टा होती, कोर्टाच्या मते नव्हती. २००० साली मिनिॲपोलिसमध्ये एकानं चॉकलेटात सुया खुपसल्या. एका मुलाला टोचली, औषधोपचाराची गरज पडली नाही. साठेक वर्षांतल्या गाजलेल्या खऱ्या घटना या अशा. वाईट आहेतच. पण 'दरवर्षी मुलं दगावतात' कुठे आणि हे कुठे.

"टेक्सासमध्ये आठ वर्षांच्या मुलाचा जीव गेला."

हे खरं आहे. फक्त मेसेज लिहिणाऱ्यानं गोष्ट अर्ध्यावर सोडली आहे.

१९७४ सालचा हॅलोविन, ह्यूस्टनजवळची वस्ती, पाऊस पडत होता. रोनाल्ड ओब्रायन हा चष्म्याच्या दुकानात काम करणारा गृहस्थ आपली मुलं आणि शेजारची मुलं घेऊन फिरायला निघाला. एका अंधाऱ्या घराची बेल वाजवली, कुणी दार उघडेना, मुलं कंटाळून पुढे पळाली. बाप मागे रेंगाळला. आला तो हातात पिक्सी स्टिक्स घेऊन. आंबटगोड पावडर भरलेल्या नळ्या असतात त्या, मोठ्या आकाराच्या, पाच. त्या घरातून मिळाल्या म्हणाला. घरी गेल्यावर मुलानं एक तोंडात रिकामी केली, कडू लागते म्हणाला. बापानं वरून सरबत पाजलं. रात्र संपायच्या आत मूल गेलं. नळीत सायनाइड होतं.

बाप पोलिसांना सांगत राहिला की त्या घराचं दार जरासं उघडलं आणि नुसता एक हात बाहेर आला. पण त्या घराचा मालक त्या वेळी विमानतळावर ड्युटीवर होता, सोबत काम करणाऱ्यांची साक्ष होती. मग विम्याचे कागद निघाले. डोक्यावर कर्ज, आणि दोन्ही मुलांच्या नावानं नुकत्याच घेतलेल्या पॉलिसी. संशय येऊ नये म्हणून त्यानं उरलेल्या नळ्या स्वतःच्या मुलीला आणि दुसऱ्यांच्या मुलांनाही दिल्या होत्या. त्यांनी खाल्ल्या नाहीत, हे नशीब. १९८४ साली त्याच्या मृत्युदंडाची अंमलबजावणी झाली.

त्याला हे का सुचलं असेल? कारण 'अनोळखी माणूस कँडीत विष घालतो' ही कहाणी तेव्हाही घरोघर ठाऊक होती. दोष देण्यासाठी एक अदृश्य हात तयारच होता. ही हकिगत अनोळखी लोकांपासून सावध राहायचा पुरावा म्हणून फिरते, तेव्हा मला खरंच गरगरायला होतं.

१९७० सालचं डेट्रॉइटचं प्रकरणही त्याच जातीचं. पाच वर्षांचा मुलगा हेरॉइननं गेला, कँडीत होतं असं सांगितलं गेलं. ते निघालं त्याच्या काकाच्या घरातलं.

"सफरचंदात ब्लेड, कँडीचा एक्स-रे."

ब्लेडच्या बहुतेक तक्रारी बनावट निघाल्या. कधी गंमत म्हणून, कधी लक्ष वेधायला, आणि पुष्कळदा 'सापडलं' म्हणणाऱ्या मुलानंच केलेल्या. आणि हॅलोविनला सफरचंद देतं कोण हल्ली? चौदा वर्षांत माझ्या मुलांच्या पिशवीत एकही आलं नाही. आलं असतं तर ते त्यांनी मलाच दिलं असतं.

एक्स-रेचं वेड वाढलं ते १९८२नंतर. त्या वर्षी शिकागोच्या आसपास टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरलं आणि सात माणसं मेली. महिन्याभरानं हॅलोविन होता, लोक हादरलेले असणारच. औषधांच्या बाटल्यांवर सील आलं ते या घटनेमुळे. पण एक्स-रेत धातू दिसतो, विष दिसत नाही. ज्या गोष्टीची भीती घालायची ती न दाखवणारी तपासणी करून घ्यायची, याला काय म्हणावं?

"रंगीत फेंटानिल."

ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्यानं फेंटानिल या जीवघेण्या अमली पदार्थाच्या रंगीत गोळ्यांबद्दल इशारा दिला आणि दोन महिन्यांत त्याचा हॅलोविन झाला. त्याच खात्याच्या तेव्हाच्या प्रमुख ॲन मिलग्राम यांनी त्या मोसमात सांगितलं की हॅलोविनशी संबंध जोडणारं काही आढळलेलं नाही. साधा हिशेब करा. ज्या गोळीचे पैसे मिळतात ती सात वर्षांच्या स्पायडरमॅनला कोण फुकट वाटेल? तो पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक म्हणून येणार आहे का? फेंटानिल इथे माणसं मारतंय, अगदी खरं आहे, पण ते या पिशव्यांतून नाही.

ड्रग्जचीच काळजी असेल तर स्वतःच्या फ्रिजात डोकावा. गांजाच्या गमी (चघळायच्या मऊ गोळ्या) बऱ्याच राज्यांत उघड विकायला आल्या, आमच्या न्यू जर्सीतही. सहा वर्षांखालच्या मुलांनी असे पदार्थ चुकून खाल्ल्याच्या विषबाधा केंद्रांकडच्या नोंदी २०१७ साली २०७ होत्या, २०२१ साली ३,०५४. नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकार घरातले.

"साखरेनं मुलं धिंगाणा घालतात."

नाही घालत. १९९५ साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा प्रयोग तर मजेशीर आहे. आयांना सांगितलं की मुलाला साखर दिली आहे. दिलं होतं बिनसाखरेचं गोड पेय. तरी आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली! रात्रीच्या वेळी, वेष घालून, वीस मित्रांबरोबर पळणाऱ्या पोराला तुम्ही साळीच्या लाह्या दिल्यात तरी ते उड्या मारणारच. दात किडतात ते मात्र खरं, ब्रश करायला लावा.

"बाहेर पाठवूच नका."

इथे मेसेजनं खरा धोका पार सोडून दिलाय. १९७५ ते २०१६ अशा ४२ वर्षांचे अपघात तपासले तेव्हा दिसलं की आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींपेक्षा हॅलोविनच्या संध्याकाळी पादचारी दगावण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी जास्त असतं. चार ते आठ वर्षांच्या मुलांत ते दहापट. सगळ्यात वाईट वेळ सहाच्या सुमाराची. आमच्याकडे ३१ ऑक्टोबरला सूर्य त्याच वेळी मावळतो, ऑफिसं सुटतात, आणि काळ्या झग्यातली पोरं उभ्या गाड्यांच्या मधून रस्त्यावर येतात. विषाचा मेसेज वाचून गाडीतून घाईघाईनं घरी निघालेला बाप हा त्या रस्त्यावरचा मोठा धोका आहे, हे कुणीतरी फॉरवर्ड करा.

बाऊलमध्ये काय ठेवायचं, याबद्दल मेसेज गप्प आहे. मी ते एका अंतराळवीराकडून शिकले. सहाएक वर्षांचा असेल, चंदेरी कोट, डोक्यावर पुठ्ठ्याचं हेल्मेट. बाऊलमध्ये हात घालण्याआधी त्यानं आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "शेंगदाणे नसलेलं काही आहे का?" मी बाऊल ढवळला. पीनट बटरचे कप, स्निकर्स, पुन्हा कप. माझ्याकडे काहीच नव्हतं. "इट्स ओके," म्हणाला तो, मलाच धीर देत, आणि रिकाम्या हातानं पायऱ्या उतरला.

अमेरिकेत साधारण १३ मुलांमागे एकाला अन्नाची ॲलर्जी असते. म्हणजे माझ्या शंभरांत सातआठ. टेनेसीत २०१२ साली निळसर-हिरवा भोपळा दारात ठेवायची पद्धत निघाली, 'इथे खाण्याव्यतिरिक्तही काही मिळेल' ही त्याची खूण. त्या अंतराळवीरानंतर मी दुसऱ्याच वर्षी भोपळा रंगवला आणि बाऊल दोन केले. दुसऱ्यात पेन्सिली, स्टिकर आणि मनगटात घालायच्या चमकत्या कांड्या. आधी छोटे रबरी चेंडूही ठेवायचे, पण धाकट्या भावंडांच्या घशात जाण्याजोगे होते म्हणून काढले. चार वर्षांखालच्यांना कडक गोळ्या, दाणे, पॉपकॉर्नसुद्धा देत नाही.

पहिल्या बाऊलचंही वाचून घेते. छोट्या पाकिटांचे घटक त्याच कँडीच्या मोठ्या पाकिटापेक्षा कधी वेगळे असतात, आणि छोट्यांवर पुष्कळदा काहीच छापलेलं नसतं. शिवाय आपल्या लोकांचा जुना प्रश्न, जनावरांच्या हाडाकातड्यापासून बनणारं जिलेटिन. इथल्या स्टारबर्स्टमध्ये आहे, मार्शमेलोत आहे. पलीकडच्या कुलकर्ण्यांकडे शुद्ध शाकाहार, त्यांची नात अर्धी पिशवी घरी येऊन वाटून टाकते. आमच्याच राज्यात, युनियन गावात मुख्यालय असलेल्या स्मार्टीजच्या गोळ्यांमध्ये शेंगदाणे, दूध, जिलेटिन यातलं काहीच नाही. मोठ्या मुलांसाठी त्या असतातच.

घरी केलेलं देऊ नये, असं पुष्कळजण म्हणतात त्याला मात्र माझा पाठिंबा आहे, कारण वेगळं. २०२४ साली अमेरिकेत लक्ष्मीपूजन नेमकं ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी आलं. दाराबाहेर कंदील आणि भोपळा शेजारी शेजारी, आत डबे भरलेले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या प्लॅस्टिकच्या गोळ्या कसल्या देतेस, मूठमूठ चिवडा घाल पोरांच्या पिशवीत." आमच्या चिवड्यात शेंगदाणे भरपूर, वर काजूचे तुकडे. लेबल नाही. त्या संध्याकाळी सगळ्या गल्लीत एखाद्या मुलाचा जीव धोक्यात घालेल असा पदार्थ असलाच, तर तो माझ्या ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यात होता. चिवडा दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडे ताटातून गेला, मोठ्यांच्या हातात, काय काय घातलंय ते सांगून.

यंदाही साडेपाचला बसेन. कँडीच्या मोठ्या पिशव्या रिकाम्या झाल्या तरी टाकत नाही, खुर्चीखाली ठेवते. घटक वाचायचे असतील तर मागा.