चावा आणि तांबेरा

एका लेखात कुकीकटर शार्क आणि गव्हावरचा तांबेरा हा बुरशीचा रोग यांना एकाच माळेत ओवलंय. भक्ष्याला ठार न मारता त्याच्यावर जगतात, इथपर्यंत मान्य. पण हा शार्क, जेमतेम अर्धा मीटर लांबीचा, देवमाशाच्या अंगाला ओठांनी चिकटतो, गर्रकन फिरतो आणि गोल लचका काढून पसार होतो. जखम पुढे भरते. १९७०च्या दशकात याने अमेरिकी पाणबुड्यांच्या सोनारवरचं (आवाजावरून पाण्यातल्या वस्तूंचा ठाव घेणाऱ्या यंत्रावरचं) रबरही कुरतडलं होतं! भुरटा चोरच म्हणा.

तांबेरा म्हणजे घरात शिरून ठाण मांडलेला पाहुणा. पानाच्या रंध्रातून आत जातो, पेशींमध्ये शोषक अवयव घुसवतो आणि आठवडेच्या आठवडे रस ओढत राहतो. पेशी मेली तर त्याचीच उपासमार, म्हणून तिला जपतो. शार्कला ती फिकीर नाही. आणि तांबेऱ्याचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, वाऱ्यावर कुठल्या कुठे जातात; दक्षिणेतल्या निलगिरी-पळणीच्या डोंगरांतून खोडावरचा तांबेरा उत्तरेकडे सरकतो तो असाच. आमच्या गव्हात फिरून आलं की पांढरा लेंगा या बीजाणूंनी विटकरी व्हायचा. त्या वर्षी दाणे पोचट निघणार, हे आजी लेंगा बघूनच सांगायची.