ती लाल जीभ नक्की कुणाची?

दर थोड्या दिवसांनी तो फॉरवर्ड येतोच, की रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या टीशर्टवरची लाल जीभ म्हणजे आपली कालीमाता, गोऱ्यांनी ढापली वगैरे. आणि आर्टवाले मित्र छातीठोकपणे सांगणार की ती अमेरिकेचा प्रसिद्ध पॉप आर्ट चित्रकार अँडी वॉरहॉलने काढली. दोघांनाही कोपरापासून नमस्कार.

झालं असं की १९७० मध्ये बँडला युरोप टूरचं पोस्टर हवं होतं म्हणून लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये विचारणा केली, तिथे शेवटच्या वर्षाला असलेल्या जॉन पॅशने ते केलं, ते आवडलं म्हणून लोगोही त्यालाच सांगितला, आणि बँडचा गायक मिक जॅगरने त्याला नमुना दाखवला तो कालीच्या चित्राचा! म्हणजे काली होती हे खरंच. पण तेव्हा तिकडे भारताचं फॅड जोरात, त्यामुळे तसलं काही काढलं तर लवकरच जुनं वाटेल असा विचार करून पठ्ठ्याने फक्त तोंड आणि जीभ उचलली, बाकी सगळं सोडून दिलं.

आणि जीभ तरी तीच कुठे राहिली? बंगालात सांगतात की शंकरावर पाय पडला म्हणून देवीने जीभ चावली. स्टोन्सची जीभ नीट बघा, वरचे दात दिसतायत पण चावणं वगैरे काही नाही, ती खालच्या ओठावरून मस्त बाहेर लोळतेय, वर ओलसर चकाकीचे पांढरे पट्टे. मास्तरांची पाठ वळली की मागच्या बाकावरचं कार्टं वाकुल्या दाखवतं ना, तशी. माझ्या मते सगळी गंमत त्या उद्धटपणात आहे आणि तो पॅशचा.

वॉरहॉल घुसला कारण लोगो पहिल्यांदा आला १९७१ च्या 'स्टिकी फिंगर्स' अल्बमवर, आणि त्याच्या कव्हरची, जीन्सला खरीखुरी चेन लावलेली, आयडिया वॉरहॉलची. मोठं नाव दिसलं की श्रेय आपोआप तिकडेच जातं, दुसरं काय. (अमेरिकेतल्या कव्हरसाठी क्रेग ब्रॉनने ती जीभ जरा बदलून परत काढली, पण त्याला तर कुणी विचारतही नाही.)

पॅशला मिळाले ५० पौंड. १९७२ मध्ये अजून २००. पुढे रॉयल्टीतला थोडा वाटा, मग त्याने हक्कही विकून टाकले. २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने मूळ चित्र घेतलं ९२,५०० डॉलरला. आणि टीशर्ट, कॉफीचे मग, मोजे किती खपले असतील त्याचा हिशोब करायला बसलो तर आपलंच डोकं फिरेल.