पण पण

दहावीच्या इंग्रजी पेपरातला ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ हा प्रश्न मुलांसाठी नसून घरातल्या मोठ्यांची जिरवण्यासाठी काढलेला असावा, असं माझं ठाम मत आहे. पुतण्याचं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं ते ‘भावोजी, तुम्ही ऑफिसात दिवसभर इंग्रजीच तर बोलता’ या वहिनींच्या एका वाक्यामुळे. ऑफिसात मी दिवसभर ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ एवढंच लिहितो, हे त्यांना कोण सांगणार?

‘ऑलदो’ काढून ‘बट’ वापरा. चिरंजीवांनी ‘बट’ घातला, ‘ऑलदो’ काढलाच नाही. ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट ही केम.’

“अरे, दोन्ही चालत नाहीत.”

“का? जरी-तरी दोन्ही लागतात की!”

काय बोलणार? आपल्याकडे ‘जरी’ आला की मागोमाग ‘तरी’ हजर, सत्यनारायणाला बसलेल्या जोडप्यासारखा. इंग्रजीत एक आला की दुसऱ्याने घरी थांबायचं. या एका भानगडीपायी मराठी मुलांचे किती मार्क गेले असतील, देव जाणे.

मग ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’. “बट म्हणजे पण,” मी मास्तरी सुरात म्हणालो, “आणि ऑल्सो म्हणजे?”

“पण.”

“पण कसं? सुद्धा!”

“तेच की. ‘मी पण येतो’मधला पण.” आणि त्याने वहीत लिहिलं, ‘तो हुशारच नाही, पण कष्टाळू पण आहे.’ मी त्यात चूक शोधत बसलो. सापडली नाही.

खरी दमछाक ‘लास्ट बट वन’ने केली. शेवटचा, पण एक? शेवटी शब्दकोश उघडला. हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘बूटान’वरून आला म्हणे, अर्थ ‘बाहेर’, ‘वगळून’. म्हणजे एक वगळून शेवटचा, आपल्या भाषेत शेवटून दुसरा. ‘नथिंग बट द ट्रूथ’ही त्यातलाच, सत्य वगळून काही नाही. ‘ऑल बट’चा अर्थ मात्र ‘जवळजवळ’. हा तपशील पुतण्याने विलक्षण तत्परतेने आत्मसात केला. रात्री वहिनींनी अभ्यास झाला का विचारलं, तर म्हणाला, “ऑल बट फिनिश्ड.” वहिनींना ‘ऑल’ आणि ‘फिनिश्ड’ तेवढं ऐकू आलं. मोबाइल त्याच्या हातात गेला.

मला मात्र या बाबतीत आपलं मराठी व्याकरण जास्त प्रामाणिक वाटतं. पण, परंतु, परी, किंतु, बाकी या मंडळींना त्यात सरळ ‘न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय’ म्हणून टाकलंय. पुढे काहीतरी कमी निघणार, याची लेखी सूचनाच! दर एप्रिलला साहेब मला समोर बसवून “युवर वर्क इज एक्सलंट” म्हणतात, तेव्हा मी आभार मानायची घाई करत नाही. ‘बट’ची वाट बघतो. तो येतो. त्याच्यापाठोपाठ पगारवाढही येते, तीही न्यूनत्वबोधकच.

हे सगळं मी पुतण्याला रंगवून सांगितलं. अशा गोष्टी त्याच्या बऱ्या लक्षात राहतात.

परवा शाळेत पालकसभा होती. दादा गावाला, म्हणून वहिनींबरोबर मी. बाई हसून म्हणाल्या, “मुलगा हुशार आहे हो, पण...”

पुतण्या माझ्या कानाशी पुटपुटला, “काका, न्यूनत्वबोधक.”