एन्डोमेट्रिओसिसच्या त्या कषायवाल्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी खानापूरहून वहिनीचा फोन आला, "वन्सं, पोरगी परत आडवी पडलीय, लई दुखालंय म्हणते." मी विचारलं गोळी चालू आहे ना, तर जरा वेळ काहीच बोलली नाही, मग हळूच म्हणाली, "बंद करून महिना झाला की. मेसेज आलता."

तो मेसेज मग मी मागवून घेतला. आपल्याकडे बचत गटापासून शाळेच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय, मराठीत पण आणि कन्नडमध्ये पण. म्हणे एन्डोमेट्रिओसिस हा नुसता सुजेचा आजार, इम्युनिटी कमी झाली की होतो, हार्मोनच्या गोळ्या म्हणजे विष, त्या आजच बंद करा आणि हळद-आलं-मिऱ्याचं कषाय २१ दिवस घ्या. रिपोर्ट नॉर्मल असेल तर आजार नाहीच. लग्न होऊन एक मूल झालं की आपोआप जातो, आणि मुलं झालेली असतील तर पिशवी काढून टाका, विषय संपला. माझी भाची २४ वर्षांची आहे आणि दोन वर्षं दवाखाने फिरून तिला आजाराचं नाव कळलं होतं, ते सगळं या एका मेसेजनं धुऊन टाकलं. मी डॉक्टर नाही, पीयू कॉलेजात (म्हणजे अकरावी-बारावीला) बायॉलॉजी शिकवते, पण हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी जे खरं आहे ते मान्य करते, कारण त्याच्याच जिवावर बाकीचं खपतंय. सूज खरी आहे. या आजारात गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखा टिश्यू पिशवीच्या बाहेर वाढतो, अंडाशयावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्याला चिकटून. तिथं कायम सूज राहते आणि ओटीपोटातल्या पाण्यात सूज वाढवणारे सिग्नल, आयएल-६, टीएनएफ-अल्फा वगैरे, जास्त सापडतात. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे.

पण "इम्युनिटी कमी झाली" हे कुठून आणलं? जॉन सॅम्पसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९२७ साली मांडलं की पाळीचं थोडं रक्त गर्भनळ्यांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथं रुजतात. पुढं कळलं की असं उलटं रक्त सुमारे ९० टक्के बायकांत जातं. आजार मात्र दहातल्या एकीला होतो. मग बाकीच्यांना का होत नाही? इथं प्रतिकारशक्तीचा भाग येतो. एरवी मॅक्रोफेज आणि एनके या प्रतिकारशक्तीच्या पेशी हा कचरा खाऊन, मारून साफ करतात. एन्डोमेट्रिओसिस असलेल्या बाईत एनके पेशींची मारायची ताकद मंदावलेली दिसते, हे खरं, पण मॅक्रोफेज काही कमी नसतात, उलट जास्तच जमलेले असतात, आणि साफ करायचं सोडून तेच असे सिग्नल सोडतात की बाहेर रुजलेल्या त्या टिश्यूच्या गाठींना नवीन रक्तवाहिन्या फुटतात, नसा (मज्जातंतू) वाढतात आणि त्या नसा आणखी हुळहुळ्या होतात. म्हणजे राखणदार कमी पडलेत असं नाही हो, राखणदार भरपूर आलेत आणि त्यातले निम्मे चोरालाच भाकरी वाढतायत! अशा ठिकाणी "इम्युनिटी वाढवा" म्हणजे नेमकं काय वाढवायचं? ऑक्सफर्डच्या लोकांनी यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या लोकांच्या आरोग्याच्या मोठ्या नोंदसाठ्यातल्या बायकांची माहिती तपासून २०२५ मध्ये छापलंय की एन्डोमेट्रिओसिस असणाऱ्यांना संधिवातासारख्या ऑटोइम्यून आजारांचा धोका ३० ते ८० टक्के जास्त दिसतो. ऑटोइम्यून म्हणजे शरीर स्वतःवरच उलटणं, तिथं शक्ती कमी असणं हा मुद्दाच नाही.

आणि गोळ्या बंद करा हे तर सगळ्यात घातक, माझा खरा राग यावर आहे. सूज आणि हार्मोन या दोन वेगळ्या गोष्टी असल्यासारखं लिहिलंय. त्या गाठींत काय होतं ते बघा: इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे कॉक्स-२ नावाचं एन्झाइम वाढतं, त्यानं प्रोस्टाग्लँडिन तयार होतं (कळा येतात त्या यानंच), प्रोस्टाग्लँडिनमुळे अरोमाटेज वाढतं, आणि अरोमाटेज तिथल्या तिथंच आणखी इस्ट्रोजेन बनवतं. घाण्याच्या बैलासारखं गोल गोल. मेफ्टालसारखी वेदनाशामक गोळी या चक्रात प्रोस्टाग्लँडिनच्या जागी आडवी येते आणि भाचीला दिलेली डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी इस्ट्रोजेनच्या बाजूनं. म्हणजे ज्या गोळीला विष म्हणताय तीच सूज उतरवत होती. तिचे त्रास आहेत, मधेच डाग पडतात, काहींचा मूड पार जातो, त्याबद्दल डॉक्टरांशी बोलून गोळी बदलता येते, पण मेसेज वाचून थांबवायची नाही ना!

बरं, प्रतिकारशक्तीचे सिग्नलच थेट दाबले तर? तेही करून बघितलंय. टीएनएफ-अल्फा अडवणारं इन्फ्लिक्झिमॅब हे भारी औषध खोलवर पसरलेला आजार असलेल्या बायकांना देऊन पाहिलं, २००८ साली निकाल आला, दुखण्यात प्लासीबोपेक्षा (म्हणजे औषध नसलेल्या खोट्या डोसपेक्षा) जास्त फरक नाही. चाचणी छोटीच होती, पण नेमका सिग्नल धरून मारणारं इंजेक्शन जिथं चाललं नाही तिथं २१ दिवसांचं कषाय काय करणार? हळदीशी माझं भांडण नाही, सांगलीच्या हळदीशिवाय आमचं कालवण होत नाही. पण हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फार कमी उतरतं, आणि त्याच्या जास्त ताकदीच्या कॅप्सूल घेऊन लिव्हरला इजा झालेले लोक आहेत.

बाकीच्या मुद्द्यांना युरोपच्या एश्रे या प्रजननाच्या विषयात काम करणाऱ्या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं पुरेत. रक्ततपासणीवरून हा आजार ठरवू नका, असं त्यात स्पष्ट आहे. सोनोग्राफी किंवा एमआरआय नॉर्मल आला म्हणून आजार नाही असंही म्हणता येत नाही, पोटाच्या आतल्या पडद्यावरचे बारीक डाग त्यात दिसतच नाहीत. आजार बरा करायला म्हणून गरोदर राहायचा सल्ला देऊ नका, हेही तिथंच लिहिलंय. आणि आपल्याकडे काय, पोरीला दुखतंय म्हणून स्थळं बघायची! पुढं दिवस जायलाच अडचण आली तर तिलाच बोल लावायचा.

पिशवी काढण्याबद्दल एवढंच, की गाठी पिशवीच्या बाहेर असतात, त्यामुळे पिशवी गेली तरी दुखणं राहू शकतं. एश्रे म्हणते, बाकी उपाय हरल्यावर विचार करा आणि तेही बाईला हे सांगूनच. बीडकडून ऊसतोडीला गेलेल्या किती बायकांच्या पिशव्या विनाकारण काढल्या ते २०१९ ला उघड झालंय, आणि त्यातल्या कितीतरी टोळ्या आपल्याच भागातल्या कारखान्यांवर येतात.

वहिनीवर चिडले मी, मग वाईट वाटलं. तिला विचारलं, डॉक्टरांनी समजावलं नव्हतं का? तर म्हणाली, समजावलं की, पण कन्नड आणि इंग्लिश मिसळून, मी नुसती मान हलवली. मेसेज मात्र मराठीत होता, शब्दन्‌शब्द कळला. सोमवारी मी पोरीला घेऊन डॉक्टरांकडे जाणार आहे, वहिनीलाही सोबत बसवणार, आणि ते जे काय सांगतील ते तिथंच मराठीत करून वहीत लिहून तिच्या हातात देणार.